न्यूकॅसलचा कोळसा आणि सदाशिव पेठ

'टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल' या वाक्प्रचाराचा अर्थ काय? पर्याय चार. बरोबर आलं तर २ गुण, चुकलं तर अर्धा गुण वजा, आणि विचार करायला सरासरी ३६ सेकंद. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर पातळीवरच्या परीक्षेचा (पोरांच्या भाषेत 'सीजीएल') पहिला टप्पा असा असतो: १०० प्रश्न, १ तास, त्यातले २५ इंग्रजीचे. इन्कम टॅक्स इन्स्पेक्टर व्हायचं तर या दारातून जावं लागतं.

उत्तर सोपं आहे. जिथे जे मुबलक आहे तिथेच ते नेऊन टाकणे. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येचं कोळशाचं बंदर, लंडनच्या शेगड्या कित्येक शतकं तिथल्या कोळशावर पेटल्या. आता गंमत बघा. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. म्हणजे कोळसा गेला, खाणी गेल्या, आणि म्हण मात्र सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये ठणठणीत आहे.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझा मावसभाऊ. तो बीडहून पुण्याला आलाय, कॉट बेसिसवर राहतो आणि रविवारी जेवायला आमच्याकडे येतो. जेवण झालं की वही माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "दादा, विचार." मग मी विचारतो, तो सांगतो. 'टु सेंड समवन टु कॉव्हेंट्री' म्हटलं की एका सेकंदात "वाळीत टाकणे". वहीत असे दीडेक हजार आहेत. परवा त्याने सहज विचारलं, "दादा, तुमच्या ऑफिसात हे बोलतात का?" आमचे निम्मे क्लायंट इंग्लंडचे. बारा वर्षं त्यांच्याशी रोज फोनवर बोलतोय, पण कॉव्हेंट्रीला कुणाला पाठवल्याचं कधी ऐकलं नाही.

मग हे आलं कुठून? थोडं मागे जाऊ.

मेकॉलेचं १८३५ चं टिपण सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं साल १८४४. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंजने ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य. टिपणाने इंग्रजी शाळेत आणली, ठरावाने तिची किंमत ठरवली. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले: न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

आणि त्या सगळ्याच्या वर होती आयसीएस. १८५५ पासून तिची भरती स्पर्धा परीक्षेने होऊ लागली. परीक्षा अर्थातच लंडनमध्ये. गुणांची वाटणी बघण्यासारखी आहे: ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. आपल्याकडच्या मुलाला संस्कृतचा जो काही फायदा मिळेल तो असा आधीच निम्म्यावर आणलेला. तरीही सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये पास झाले. रवींद्रनाथांचे हे थोरले भाऊ. त्यांची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली आणि शेवटी ते साताऱ्याला जज्ज होते.

१८६९ ची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. त्या वर्षी चार हिंदी तरुण पास झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद यांची नावं वयाच्या कारणावरून यादीतून काढली गेली. वयाची मर्यादा २१. सुरेंद्रनाथांच्या मॅट्रिकच्या कागदावर वय १६ लिहिलेलं. त्यावरून हिशेब केला तर मर्यादा ओलांडलेली! पण आपल्याकडे 'सोळावं लागलं' की माणूस १६ सांगतो, इंग्लंडमध्ये १६ पूर्ण झाल्यावर. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी दोघांनाही परत घेतलं गेलं. म्हणजे ग्रीक-लॅटिनवाल्यांच्या मैदानात जिंकलेली पोरं अडकली ती आपल्या घरच्या बोलण्याच्या एका पद्धतीपायी.

कोचिंग क्लास ही आपली देशी देणगी आहे असं कुणाला वाटत असेल तर तेही नाही. परीक्षा आली आणि लंडनमध्ये तिचे क्लास आले. पाविस स्क्वेअरमध्ये वॉल्टर रेन नावाच्या गृहस्थांचा क्लास एवढा गाजला की आयसीएसला बसणारी गोऱ्या साहेबांची मुलं कॉलेज सोडून तिथे जात. घोकंपट्टी फार वाढली अशी ओरड झाली, चौकशी झाली, आणि १८७८ पासून वयाची कमाल मर्यादा २१ वरून १९ वर आली. घोकंपट्टी काही थांबली नाही. आपल्या मुलांना मात्र एकोणिसाव्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून परीक्षा द्यायची वेळ आली. भारतातही परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडलं.

(या रेन मास्तरांचा 'रेन अँड मार्टिन'शी संबंध नाही. ते पी. सी. रेन वेगळे. मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते आणि 'बो जेस्ट' ही फॉरेन लीजनवरची गाजलेली कादंबरी त्यांचीच, १९२४ ची. आपल्याला व्याकरणाने छळणारा माणूस फावल्या वेळात वाळवंटातल्या मारामाऱ्या लिहायचा, हे मला शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.)

आता मूळ दुखणं. हिंदी माणसाला इंग्रजी भेटलं ते पुस्तकातून आणि परीक्षेतून. बोलायला साहेब नव्हता, असलाच तर तो हुकूम द्यायचा, गप्पा मारायचा नाही. मग पोरांनी पाठ केलं काय? जे पुस्तकात उठून दिसतं ते. वाक्प्रचार, म्हणी, जड शब्द. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्या वाढल्या, तीही वाक्यं घोटवून घेण्याची शाळा. परीक्षेत त्याचे गुण मिळत, कचेरीत जागा मिळे. आणि मग त्या माणसाने घोकलेलं इंग्रजी अर्जात, पत्रात वापरलं की साहेब हसायचा.

हे हसणं खाजगी नव्हतं. 'बाबू इंग्लिश' या नावाने १८९१ मध्ये आर्नल्ड राइटचं पुस्तक निघालं, हिंदी लोकांच्या लिहिण्यातले विनोदी मासले गोळा करून. मग लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एफ. ॲन्स्टीने 'बाबू जबरजी, बी.ए.' हे पात्र आणलं, १८९७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. 'जॅबर' म्हणजे बडबड, त्यावरून हे आडनाव. या जबरजींचा विनोद कशावर, तर ते वाक्यावाक्याला म्हणी पेरतात आणि त्या थोड्या वाकड्या होतात. तुम्हीच परीक्षा घेता, तुम्हीच पदवी देता, आणि पदवीधर त्या अभ्यासाने बोलायला लागला की त्याची टर उडवता. मला हे वाचून हसू आलं नाही, खरं सांगतो.

आपल्या ऑफिसातही हे चालू आहे. 'प्लीज डू द नीडफुल' लिहिलं की कुणीतरी नाक मुरडतं. पण हा प्रयोग आपला नव्हेच, एकेकाळी इंग्लंडातच व्यवहाराच्या पत्रांत सर्रास असायचा. त्यांनी टाकून दिला, आपण जपला.

मला वाक्प्रचारांचा राग नाही, उलट त्यातला इतिहास आवडतो. 'टु मीट वन्स वॉटर्लू' भावाला लक्षात राहीना. १८१५, नेपोलियनचा शेवटचा पराभव, वगैरे सगळं सांगितलं. मग म्हटलं, "अरे, पानिपत होणे!" पुन्हा विसरला नाही. १७५८ चे अटकेपार झेंडे आणि १७६१ चं पानिपत मराठी माणसाच्या तोंडात आपोआप असतं, कारण ते आजीकडून आलेलं असतं. वॉटर्लू इंग्रज पोराला तसंच मिळतं. नेमकं हेच परीक्षेत मोजलं जातं: ते तुम्हाला घरातून मिळालंय, की तुम्ही रात्र जागून वहीत उतरवलंय.

अमेरिकेत यावर बराच वाद झाला. तिथल्या सॅट परीक्षेतला एक प्रश्न कुप्रसिद्ध आहे: धावपटूला मॅरेथॉन, तर वल्हेकऱ्याला काय? उत्तर 'रिगाटा', म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या बापाने अशी शर्यत दाखवली नाही त्या पोराने काय करावं? सॅटमधून शब्दांच्या अशा जोड्या २००५ मध्ये गेल्या. जीआरईमधून विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या ऑगस्ट २०११ मध्ये गेल्या. त्याआधी जीआरई दिलेल्यांनी बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी आठवावी. त्यातल्या 'जगरनॉट'चा अर्थ मी फ्लॅशकार्डवर लिहून पाठ केला होता. शब्द आपल्या पुरीच्या जगन्नाथाचा!

इकडे यूपीएससीने त्याच २०११ साली पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' आणला, इंग्रजी उताऱ्यांसकट. २०१४ मध्ये दिल्लीत मुखर्जीनगरच्या रस्त्यांवर पोरं उतरली. त्या वर्षी इंग्रजीच्या त्या प्रश्नांचे गुण धरले नाहीत आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांपुरता उरला. सीजीएलमध्ये मात्र इंग्रजीचे गुण थेट मोजले जातात. 'इडियम्स अँड फ्रेजेस' आहेच, 'वन वर्ड सबस्टिट्यूशन'ही आहे.

भावाच्या वहीत आता मी डाव्या बाजूला मराठी रकाना आखून दिलाय. 'बरी द हॅचेट'समोर काय लिहावं यावर अर्धा तास गेला. बायकोने स्वयंपाकघरातून सुचवलं, "तलवार म्यान करणे." चालेल म्हणाला, पण परीक्षेत पर्याय इंग्रजीतच येणार.