मोत्सार्टझालमधले प्रेक्षक

बर्लिनच्या नोलेनडॉर्फ चौकात मोत्सार्टझाल नावाचे चित्रपटगृह होते. ५ डिसेंबर १९३० च्या संध्याकाळी तिथे काय घडले, याची एक समकालीन नोंद हस्तलिखित रोजनिशीत टिकून आहे. दहा मिनिटांतच थिएटरला वेड्यांच्या इस्पितळाची कळा आली, पोलिसांचे काही चालेना, चिडलेली गर्दी ज्यूंच्या अंगावर धावून गेली, बाहेर तिकीटखिडकीवर हल्ला झाला, काचा फुटल्या, तो खेळ रद्द झाला, त्यानंतरचाही झाला, आणि आपण जिंकलो, असा त्या नोंदीचा आशय आहे. रोजनिशी योझेफ गोबेल्सची आहे. तो तेव्हा नाझी पक्षाचा बर्लिनमधला प्रमुख होता, राइशस्टाग या जर्मन संसदेचा सभासद होता आणि त्या संध्याकाळी सभागृहात हजर होता.

या प्रकरणातली खरी अडचण इथूनच सुरू होते. त्या खेळाला प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा होता, हे सांगणारा एक महत्त्वाचा समकालीन कागद तो प्रतिसाद घडवून आणणाऱ्याच्याच हातचा आहे. नोंदीत ‘गर्दी चिडली’ असे आहे. ती गर्दी कोणी आणली, हे त्या वाक्यात नाही. ते शेजारच्या कागदांतून काढावे लागते.

चित्रपट होता ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. एरिश मारिया रमार्कची मूळ कादंबरी १९२८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘फोसिशे त्साइटुंग’ या बर्लिनच्या दैनिकात क्रमशः आली आणि १९२९ च्या जानेवारीअखेर पुस्तकरूपाने निघाली. शाळेच्या बाकावरून उठून पहिल्या महायुद्धात गेलेल्या पाउल बाउमर या मुलाची ती गोष्ट. रमार्क स्वतः १८९८ चा. अठराव्या वर्षी सैन्यात ओढला गेला आणि १९१७ च्या जुलैअखेर जखमी होऊन परतला. त्याच्या पुस्तकाच्या जर्मनीतच दहा लाखांच्या आसपास प्रती गेल्या. अमेरिकेत युनिव्हर्सल कंपनीने त्यावर बोलपट काढला. कंपनीचा मालक कार्ल लेमले हा दक्षिण जर्मनीतल्या लाउपहाइमचा ज्यू, दिग्दर्शक लुइस माइलस्टोन. १९३० च्या एप्रिलमध्ये तो अमेरिकेत झळकला आणि नोव्हेंबरात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन ही दोन्ही ऑस्कर पारितोषिके मिळाली.

गोबेल्सने कादंबरी १९२९ च्या उन्हाळ्यात वाचली होती. रोजनिशीत त्याने तिला नीच आणि पोखरणारे पुस्तक म्हटले आहे, आणि दोन वर्षांनी याचे नावही कोणी काढणार नाही असा अंदाज केला आहे. म्हणजे मत चित्रपट पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी तयार होते. ५ डिसेंबरच्या नोंदीसमोर ही जुनी नोंद ठेवून पाहिली पाहिजे.

दुसरा कागद सेन्सॉरचा. बर्लिनच्या चित्रपट परीक्षण मंडळाने २१ नोव्हेंबर १९३० रोजी जर्मन आवृत्तीला परवानगी दिली होती. ही आवृत्ती जर्मन आवाजात डब केलेली आणि जर्मन भावना सांभाळून कंपनीने आधीच कापलेली होती. संरक्षण खात्याचा विरोध होता, पण तो मंडळाने मानला नाही. ४ डिसेंबरला निमंत्रितांसाठी पहिला खेळ झाला आणि तो निर्विघ्न पार पडला. याचा अर्थ सर्वांना चित्रपट आवडला असा मी काढणार नाही. निमंत्रित म्हणजे वृत्तपत्रांचे, नाट्यचित्र-व्यवसायातले, राजधानीतल्या प्रतिष्ठितांपैकी लोक. पण एक गोष्ट मात्र यावरून ठामपणे म्हणता येते: चित्रपट शेवटपर्यंत पाहणाऱ्या पहिल्या जर्मन प्रेक्षकांनी दंगा केला नाही. दंगा दुसऱ्या संध्याकाळी झाला आणि तो दहा मिनिटांत झाला. दहा मिनिटांत पाउल बाउमर आघाडीवर पोचलेलासुद्धा नसतो.

त्या दहा मिनिटांचा तपशील वृत्तपत्रांनी दिला आहे. नाझी कार्यकर्ते आणि पक्षाचे खासदार तिकिटे काढून बसले होते. घोषणा सुरू झाल्या, दुर्गंधीचे बॉम्ब फुटले, पांढरे उंदीर सोडले गेले. दिवे लावावे लागले आणि पोलिसांनी सभागृह रिकामे केले. उंदीर खिशात घालून आलेला माणूस चित्रपट पाहून मत बनवायला आलेला नसतो. एवढ्या एका तपशिलावर रोजनिशीतली ‘चिडलेली गर्दी’ गळून पडते.

लेनी रीफेन्श्टाल या नटीनेही त्या गोंधळाची आठवण लिहिली आहे. किंकाळ्या ऐकून आपल्याला आधी आग लागल्यासारखे वाटले, बायका खुर्च्यांवर चढून ओरडत होत्या, असे ती सांगते. पण तिच्या आठवणी १९८७ साली प्रसिद्ध झाल्या, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. मधल्या काळात ती हिटलरच्या पक्षमेळाव्यांची चित्रपटकार म्हणून जगभर ओळखली गेली होती आणि आपण राजकारणापासून दूर होतो हे सांगण्यात तिचे उरलेले आयुष्य गेले. मराठी इतिहाससंशोधनाने बखर आणि अस्सल पत्र यांच्यात जो भेद करायला शिकवले, तो इथे उपयोगी पडतो. रीफेन्श्टालची आठवण ही बखर आहे. तिच्यातला घाबरलेला प्रेक्षक मला खरा वाटतो, कारण तो वृत्तपत्रांतल्या तपशिलाशी जुळतो. बाकीच्याचा आधार मी घेणार नाही.

मग खऱ्या प्रेक्षकाचे मत कुठे शोधायचे? त्यासाठी त्याच वर्षीच्या मे महिन्यात जावे लागते. २३ मे १९३० रोजी बर्लिनमध्येच ‘वेस्टफ्रंट १९१८’ हा गेओर्ग विल्हेल्म पाब्स्टचा चित्रपट लागला. तोही पहिल्या महायुद्धावरचा, तोही कादंबरीवरून घेतलेला. एर्न्स्ट योहानसेनची ती कादंबरी चार पायदळ शिपायांची आहे. तोही खंदकातला चिखल, गॅस, भूक, इस्पितळातले ओरडणे दाखवतो, आणि काही ठिकाणी माइलस्टोनपेक्षा अधिक निष्ठुरपणे. ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’साठी त्याचे परीक्षण सिगफ्रीड क्राकाउअरने लिहिले. चित्रपटाबरोबर प्रेक्षकांकडेही कान देऊन लिहिणारे परीक्षक थोडे असतात, तो त्यांतला होता. अनेक जण मध्येच उठून पळाल्यासारखे बाहेर गेले, मागे कोणी हे सहन होत नाही म्हणाले, कोणी हे असले आम्हाला दाखवतातच कसे म्हणून रागावले, असे त्याने नोंदवले आहे.

मला ही नोंद फार मोलाची वाटते. तिच्यात प्रेक्षक आहे आणि तो नाराजही आहे. युद्धाचे ते रूप त्याला बघवत नाही; कदाचित त्याने ते स्वतः पाहिलेले असेल, कदाचित घरातले कोणी परत आलेले नसेल. पण तो उठतो आणि घरी जातो. दुसऱ्याने ते पाहू नये म्हणून तो यंत्र बंद पाडत नाही. ‘वेस्टफ्रंट’ पुढेही चालत राहिला. त्याच्यावर बंदी आली ती १९३३ च्या एप्रिलमध्ये, हिटलर सत्तेवर आल्यानंतर.

दोन चित्रपट, एकच युद्ध, एकच शहर, मध्ये सहा महिने. फरक कशात होता? एक जर्मन कंपनीचा, दुसरा ज्यू मालकाच्या अमेरिकन कंपनीचा. एकाच्या मागे मर्यादित ख्यातीची कादंबरी, दुसऱ्याच्या मागे घराघरांत पोचलेली. आणि मधल्या काळात, १४ सप्टेंबरच्या निवडणुकीत, नाझींच्या जागा १२ वरून १०७ झाल्या होत्या. माझ्या मते हे तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे. पक्षाला बर्लिनच्या रस्त्यावर आपले बळ दाखवायचे होते, आणि ज्याचे नाव प्रत्येकाला माहीत आहे असे लक्ष्य त्यांना आयते मिळाले. मोत्सार्टझाल शहराच्या पश्चिमेकडच्या, सुखवस्तू भागात होते. त्या भागात झालेला हा आपला पहिला शिरकाव, असे गोबेल्सनेच टिपून ठेवले आहे.

पुढचे खेळ पोलिसांच्या बंदोबस्तात झाले आणि बाहेर रोज मोर्चे निघाले. ८ तारखेला गोबेल्स जवळच्या विटेनबर्ग चौकातल्या मोठ्या सभेपुढे बोलला. पोलीसप्रमुख आल्बेर्ट ग्रेझिन्स्की समाजवादी लोकशाही पक्षाचा. त्याने शेवटी उघड्यावरच्या निदर्शनांना मनाई केली. या दिवसांत आत बसून चित्रपट पाहणारी माणसे होती. त्यांनी तिकीट काढले, पोलिसांच्या रांगेतून आत गेली, पाउल बाउमर मरेपर्यंत बसली आणि घोषणांच्या गदारोळातून घरी गेली. इतिहासकाराला जो प्रेक्षक हवा असतो तो हाच, आणि कागदपत्रांत त्यालाच सर्वांत कमी जागा मिळाली आहे. काचा फोडणाऱ्यांच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या. शांतपणे चित्रपट पाहणाऱ्याची बातमी होत नाही.

आता निकालाचा कागद. साक्सनी, ब्राउनश्वाइग, थ्युरिंगिया, व्युर्टेमबर्ग आणि बव्हेरिया या पाच राज्यांनी परवानगी रद्द करण्याची मागणी केली. यांपैकी थ्युरिंगिया आणि ब्राउनश्वाइगचे गृहखाते तेव्हा नाझी मंत्र्यांकडे होते. ११ डिसेंबर १९३० रोजी एर्न्स्ट झेगर यांच्या अध्यक्षतेखालच्या वरिष्ठ परीक्षण मंडळाने परवानगी काढून घेतली. पहिल्या परीक्षणाच्या वेळी ज्या परराष्ट्र खात्याने हरकत घेतली नव्हती, त्याने आता हरकत घेतली. नोंदवलेले कारण जर्मनीच्या परदेशातील प्रतिष्ठेला धोका हे आहे. हा युद्धाचा चित्रपट नसून जर्मन पराभवाचा चित्रपट आहे, आणि त्यातले जर्मन शिपाई भीतीने रडतात, किंचाळतात, असा मंडळाच्या युक्तिवादाचा गाभा होता.

हे निकालपत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. कायद्याने परवानगी काढण्यासाठी सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारणही उपलब्ध होते, आणि बाहेर रस्त्यावर आठवडाभर तेच चालले होते. तरी बंदी टेकवली गेली ती प्रतिष्ठेच्या कारणावर. रस्त्यावरच्या दबावापुढे सरकार वाकले असे कागदावर येऊ नये, ही काळजी त्यात मला स्पष्ट दिसते. पण तारखा लपत नाहीत. २१ नोव्हेंबरला ज्या आवृत्तीने प्रतिष्ठा धोक्यात आली नव्हती, तीच २० दिवसांत धोकादायक ठरली. मधल्या काळात चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती. ‘वेल्टब्यूने’ या साप्ताहिकाचा संपादक कार्ल फॉन ओसिएत्स्की याने त्याच महिन्यात लिहिले की सप्टेंबरच्या निवडणुकीनंतरचा हा फॅसिझमचा पहिला मोठा विजय आहे. आज एक चित्रपट पाडला, उद्या आणखी काही पाडतील. पुढे तो छळछावणीत गेला आणि तिथे खचलेल्या प्रकृतीतून कधीच बाहेर आला नाही. १९३५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले तेव्हा तो इस्पितळात, पोलिसांच्या पाळतीखाली होता.

बंदीनंतरही जर्मन प्रेक्षकाने चित्रपट सोडला नाही. फ्रान्स, स्वित्झर्लंड, हॉलंड यांच्या सरहद्दीवरच्या गावांत जर्मन लोकांसाठी खेळ लावले गेले आणि लोक रेल्वेने, बसने तिकडे गेले. देशात खटपट सुरूच होती. ३१ मार्च १९३१ रोजी चित्रपट कायद्यात दुरुस्ती झाली. लोक तिला रमार्कचा कायदा म्हणत. तिच्या आधारे जूनमध्ये ठरावीक संघटनांच्या बंद खेळांना आणि २ सप्टेंबर १९३१ रोजी आणखी कापलेल्या आवृत्तीला सार्वजनिक परवानगी मिळाली. या दुसऱ्या परवानगीची किंमत मोठी होती. जर्मनीत मान्य झालेली हीच कापलेली आवृत्ती परदेशांतही दाखवू, असे युनिव्हर्सलने लिहून दिले. म्हणजे बर्लिनमधल्या गोंधळाने इतर देशांतले प्रेक्षक काय पाहणार तेही ठरवले. चित्रपटाचे नुकसान यात सर्वांत जास्त झाले असे माझे मत आहे. बंदी उठवता येते. कापून टाकलेली फीत दरवेळी सापडतेच असे नाही. जर्मनीतल्या प्रेक्षकांपुढे मूळ रूपाच्या जवळ जाणारी, नव्याने डब केलेली आवृत्ती १९८४ साली दूरचित्रवाणीवर आली.

१९३३ च्या १० मे रोजी रमार्कची पुस्तके जाळली गेली, १९३८ साली त्याचे नागरिकत्व काढून घेतले गेले, आणि १९४३ च्या डिसेंबरात त्याची बहीण एल्फ्रीडे हिचा पराभवाची भाषा केल्याच्या आरोपावरून शिरच्छेद झाला. निकालपत्रावर सही करणारे झेगर १९३३ नंतर गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयात चित्रपट विभाग सांभाळत होते.

‘जर्मन प्रेक्षकांनी हा चित्रपट हाणून पाडला’ हे विधान आजही अधूनमधून वाचायला मिळते. उपलब्ध कागदांत त्याला आधार नाही. ४ डिसेंबरच्या प्रेक्षकांनी तो शेवटपर्यंत पाहिला, ५ डिसेंबरच्या प्रेक्षकांना तो पाहू दिला गेला नाही, आणि ११ डिसेंबरला तो बंद झाला तो पाच राज्यांच्या अर्जावरून.