पाण्याचा चोर आणि कागदी पिशवी

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ हा हिंदी चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर साफ पडला. लांबलेली कथा, मंद उत्तरार्ध, नवख्या नायकाचा थंड चेहरा अशी त्याच्या अपयशाची कारणे तेव्हा सांगितली गेली. पुढे त्याला चाहतेही लाभले. आमच्या मते चित्रपटाची खरी उणीव या साऱ्याच्या आड राहिली. ती पाण्याविषयीची आहे.

कथा थोडक्यात अशी. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारावलेले मुंबईतील काही तरुण डोक्यावर कागदी पिशव्या चढवून सिग्नल तोडणाऱ्यांना, झाडे तोडणाऱ्यांना जाब विचारतात आणि त्याचे चित्रण जगासमोर ठेवतात. वर्षे जातात. सिकंदर नोकरीत रमतो, परदेशाची स्वप्ने पाहतो, पारपत्रासाठी लाचही देतो. भावेश मात्र तसाच राहतो. महानगराच्या जलवाहिनीतून पाणी चोरून टँकरने विकणाऱ्या टोळीचा माग काढताना त्याचा बळी जातो आणि मग सिकंदर मुखवटा चढवतो. पूर्वार्ध खरोखर चांगला आहे. पिशवीतली ती हास्यास्पद, भाबडी पोरे आम्हाला कोणत्याही अमेरिकी महानायकापेक्षा जवळची वाटली.

पाण्याची चोरी हा विषय निवडल्याबद्दल दिग्दर्शकाचे कौतुकच करायला हवे. पण ज्या राज्यात ही कथा घडते, त्याच राज्यात दोनच वर्षांपूर्वी काय घडले होते? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून तिथे जमावबंदी लावावी लागली होती. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील धनेगावला आहे. त्याचा तळ उघडा पडला होता. म्हणजे पाण्याच्या टंचाईचे नाट्य आपल्या डोळ्यांदेखत, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर चालू होते. तेथे कोणाचाही चेहरा झाकलेला नव्हता.

बीडचे पाणी कोणी नेले, हा प्रश्न इतिहासाला विचारला तर उत्तर कागदोपत्री मिळते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाकडे जातो. पण गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिक-नगरकडे, धरणे होत गेली आणि पाऊस कमी पडला की खाली पाणी सोडायचे की नाही, याचा वाद पेटू लागला. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, २०१४ मध्ये प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला; तरी पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी मोर्चे, याचिका, आरोप ठरलेलेच. या सगळ्या प्रकरणात रात्री जलवाहिनीला भोक पाडणारा कोणी नाही. मंजूर प्रकल्प आहेत, मतदारसंघ आहेत, बारमाही पाणी मागणारा ऊस आहे. २०१५-१६ च्या हंगामातही मराठवाड्यातल्या कारखान्यांनी ऊस गाळलाच!

आणि उसाचा विषय निघाला की बीडला निराळेच स्थान आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादम त्या कोयत्याला आधी उचल देतो आणि हंगामभर ती अंगावर फिटत राहते. एक दिवस खाडा झाला तर तो दोघांच्या नावे पडतो. पाळीमुळे, दुखण्यामुळे काम बुडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांची संख्या २०१९ मध्ये चर्चेत आली, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. यातला खलनायक कोणत्या गोदामात सापडेल, आणि मोटारसायकलवरून त्याचा पाठलाग कोण करील?

महानायकाच्या कथेला गुपित लागते. कोणीतरी दडवलेले सत्य असते, ते उघड झाले की न्याय होतो, असा तिचा विश्वास असतो. ‘भावेश जोशी’ हा विश्वास तपासत नाही. उत्तरार्धात तो टंचाईकडून राणा नावाच्या एका पुढाऱ्याकडे वळतो, मग मारामाऱ्यांकडे. ज्यांच्या नळाचे पाणी गेले ती माणसे पडद्यावरून जवळजवळ नाहीशी होतात. त्यांना तहान आहे, पण मत नाही, राग नाही, भांडण नाही. मुखवट्याचा हा मोठाच तोटा: एकाने चेहरा झाकला की बाकीच्यांचे चेहरे दाखवण्याची गरज उरत नाही.

यात एक विलक्षण योगायोग आहे. राणाची भूमिका निशिकांत कामत यांनी केली. २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’ दिग्दर्शित करणारे हेच कामत (२०२० मध्ये त्यांचे निधन झाले). त्यांच्या माधव आपटेला मुखवटा लागत नाही. बँकेत जाणारा, रोजची लोकल पकडणारा हा गृहस्थ एके दिवशी हातात बॅट घेतो आणि उघड्या चेहऱ्याने रस्त्यावर उतरतो. त्याच्या एकाकी संतापाला तो चित्रपट विजयाचे रूप देत नाही. त्या मराठी चित्रपटाला कळलेली मर्यादा या हिंदी चित्रपटाला, तोच दिग्दर्शक समोर उभा असूनही, कळू नये हे नवलच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आठवावी. बाजारात टोमॅटोला भाव नाही, आणि शेतकरी अखेर आपलाच माल पायांखाली तुडवतो. गुन्हेगार कोणीच पकडला जात नाही. पकडण्याजोगा समोर उभाच नसतो. कथेचे सारे बळ त्या तुडवण्यात आहे.

बीड शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत (हैदराबादच्या निजामाशी तिचा संबंध नाही) सलाबतखानाने ती बांधवली. बांधणाऱ्याचे नाव राजा भास्कर असे सांगतात. विहिरीचे पाणी जमिनीखालच्या चरातून शहराजवळच्या बागायतीपर्यंत नेलेले आहे, आणि ते कधी आटत नाही अशी तिची ख्याती. राजा भास्करावर चित्रपट काढायला कोणी धजावणार नाही. त्यात पाठलाग नाही. उतार किती ठेवायचा, याचा हिशेब आहे.