छोटा गॅस सिलेंडर: रूमवर, दिंडीत आणि प्रवासात कसा वापरायचा, कुठे भरायचा?

परभणीत कृषी विद्यापीठात किंवा कॉलेजात शिकायला आलेली बरीच मुलं रूम करून राहतात. आषाढीच्या आधी जिल्ह्यातून दिंड्या निघतात. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखीही परभणी, गंगाखेड करत पंढरपूरला जाते. दिंडीसोबतच्या टेम्पोत स्वयंपाकाचं सामान असतं आणि त्यात गॅसही असतो. दोन्हीकडे मोठी टाकी अडचणीची वाटते, म्हणून छोटी घेतली जाते. ती संपली की पहिला प्रश्न येतो: भरायची कुठे?

याचं उत्तर आधीच सांगून टाकू. छोटी टाकी भरून घ्यायची नसते, बदलून घ्यायची असते. असं का, ते समजून घेऊ.

टाकीत रिकामी जागा का ठेवतात?

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दाबाखाली तो द्रवरूपात टाकीत असतो. घरगुती 14.2 किलोच्या टाकीत साधारण 33 लिटर जागा असते, पण आतला द्रव जेमतेम 26 लिटरच्या आसपास असतो. वरची जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण उन्हात हा द्रव फुगतो आणि त्याला फुगायला जागा लागते.

आता कोपऱ्यावरच्या दुकानात काय होतं ते बघा. मोठी टाकी उलटी धरतात, नळी लावतात आणि छोटीत गॅस सोडतात. किती गेला हे बहुतेक वेळा अंदाजानेच ठरतं. टाकी काठोकाठ भरली तर फुगायला जागाच उरत नाही. परभणीत मे महिन्यात पारा 42-43 च्या वर जाणं काही नवीन नाही. अशी टाकी पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या टेम्पोत राहिली, तर आतला दाब झपाट्याने वाढतो आणि टाकी फुटू शकते.

दुसरा धोका भरतानाचा आहे. नळीच्या जोडातून द्रव गळतो आणि एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो. शेजारी चहाची टपरी किंवा चालू मोटर असेल तर एक ठिणगी पुरते. म्हणूनच असं भरणं कायद्याने गुन्हा आहे. गाडीच्या गॅस पंपावर स्वयंपाकाची टाकी भरणंही बेकायदा आहे.

मग कायदेशीर छोटी टाकी कुठे मिळते?

सरकारी तेल कंपन्यांनी 2013 पासून 5 किलोची टाकी खुल्या विक्रीत आणली. इंडेनची 'छोटू', एचपीची 'अप्पू' आणि भारतगॅसची 'मिनी' या नावांनी ती ओळखली जाते.

- पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की पुरतं. त्यामुळे भाड्याच्या रूमवर राहणाऱ्यांना ती सोयीची आहे.
- गॅस एजन्सीत मिळते. काही पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांतही ठेवलेली असते.
- संपली की त्याच कंपनीच्या विक्री केंद्रावर रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी चालतं.
- यावर सबसिडी नसते, त्यामुळे किलोमागे दर घरगुतीपेक्षा जास्त पडतो. पण वजन पक्कं आणि टाकी तपासलेली मिळते.

घेताना या चार गोष्टी बघा

1. सील आणि टोपी: सील तुटलेलं असेल तर टाकी घेऊ नका.
2. वजन: रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. त्यात 5 मिळवा आणि काट्यावर तेवढं भरतं का ते बघा.
3. तपासणीची तारीख: वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. ही टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत आहे. ती उलटून गेली असेल तर टाकी परत करा. मोबाईलने फोटो काढून ठेवला तर पुढे वाद होत नाही.
4. रेग्युलेटर आणि नळी: त्या टाकीसाठीचा रेग्युलेटर आणि आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच वापरा. नळीवर छापलेली मुदतही बघा.

रूमवर वापरताना

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. टाकी नेहमी उभी ठेवा आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर ठेवा. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की कळतं. काडी ओढून कधीच बघू नका.

दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवू नका, थंडीत ऊब म्हणून तर मुळीच नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपेत तर काहीच कळत नाही.

दिंडी, टेम्पो आणि रेल्वे

टेम्पोत टाकी उभी बांधा. निघण्याआधी रेग्युलेटर काढून टोपी लावा. माणसं झोपतात त्या बंद भागात टाकी ठेवू नका. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, उघड्यावर करा. गाडीची बंद ताडपत्री असो की बोटीचा तळ, गॅस खाली साचतो आणि बाहेर पडायला वाट नसते.

रेल्वेत तर टाकी न्यायचीच नाही. 26 ऑगस्ट 2023 रोजी तमिळनाडूत मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला पहाटे आग लागली आणि 9 जणांचा जीव गेला. त्या डब्यात बेकायदा नेलेला गॅस सिलेंडर होता. रेल्वे कायद्यानुसार अशा सामानासाठी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परभणीहून तिरुपतीला जा नाहीतर मुंबईला, नियम तोच.

वास आला तर?

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. तो वास आला की:

- शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. जमलं तर रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा.
- दिवा-पंख्याचं कोणतंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते.
- दारं-खिडक्या उघडा आणि सगळे बाहेर या.
- मोबाईल खोलीत वापरू नका. बाहेर मोकळ्यावर गेल्यावरच 1906 लावा. हा एलपीजी गळतीचा आपत्कालीन नंबर आहे आणि तो 24 तास चालू असतो. आग लागली असेल तर 112 किंवा अग्निशमन दलाचा 101 लावा.

1906 हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि रूममेटलाही पाठवा. वास येईल त्या वेळी तुम्हीच रूमवर असाल, असं नाही.