देग, तूप आणि 'असल' खिचडा

गेल्या मोहर्रमला आमच्या घरी खिचडा स्लो कुकरमध्ये शिजला आणि त्यावर तुपाऐवजी तेलाचा बघार पडला. फुप्पीअम्मांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ये कायका खिचडा? ना देग, ना घी!" सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य मनातून जाईना.

माझ्या मुलीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. ज्यांना दूध फक्त पचत नाही, त्यांना बहुधा तूप चालते, कारण तुपात दुधाची साखर जवळजवळ नसते. ॲलर्जीचे तसे नाही. तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून आमच्याकडे तूप बंद. दहा मोहर्रमला मोहल्ल्यात घरोघरी खिचडा वाटला जातो तेव्हा ही पोर हात मागे घ्यायची. शिवाय अम्मीचे मनगट आता देग घोटू देत नाही. खिचडा बदलणे एवढाच मार्ग उरला होता. तरी प्रश्न राहतोच, असल खिचडा म्हणजे कोणता?

खिचडा आणि हलीम यांचे मूळ अरबांच्या हरीसामध्ये आहे. अरबी 'हरस' म्हणजे कुटणे. मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी 1226 मध्ये बगदादमध्ये पाककृतींचे एक पुस्तक लिहिले. त्यातला हरीसा गहू आणि मांसाचा आहे. रात्रभर शिजवायचा, घोटायचा आणि सकाळी वरून मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून ओतायची. सोबत दालचिनी आणि जिरे. म्हणजे आमच्या ओळखीचे तूप त्यावर नव्हतेच.

तूप दिसते ते अकबराच्या काळात. अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी'त हरीसाचे माप दिले आहे: 10 शेर मांस, 5 शेर भरडलेले गहू, 2 शेर तूप, अर्धा शेर मीठ आणि थोडी दालचिनी. हलीम तिथे वेगळा पदार्थ आहे आणि त्यात चणे, सलगम, गाजर, पालकही पडतात. मेंढीच्या चरबीची जागा हिंदुस्थानात तुपाने घेतली, गव्हासोबत डाळी आल्या. त्या वेळीही कोणीतरी फुप्पीअम्मांसारखेच नाक मुरडले असेल!

आता स्लो कुकरचे ऐका. हे यंत्र आपल्याला परके वाटते, पण त्याचा जन्मही एका धार्मिक पदार्थातून झाला. ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ. त्या काळात चूल पेटवायची नाही. म्हणून पूर्व युरोपातले ज्यू मांस, घेवड्याच्या बिया आणि जव यांचे 'चोलेंट' शुक्रवारीच हंडीत भरून बेकरीच्या भट्टीत ठेवत. विझत्या भट्टीच्या उबेवर ते दुसऱ्या दिवसापर्यंत शिजत राही. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना त्यांच्या आईने लिथुआनियातली ही आठवण सांगितली. त्यावरून त्यांनी विजेवर मंद शिजवणारे भांडे बनवले आणि 1940 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे हेच भांडे दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि 1971 मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आले.

चोलेंटमध्ये दूध-लोणी नसते, कारण ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हाच नियम पाळत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' नाव दिले. त्यांच्या मटणाच्या रश्शात दही नाही, नारळाचे दूध पडते. कोकणी मुसलमानांच्या सालनातही नारळच. दुधाशिवाय चविष्ट जेवण हे आपल्या शेजारात शतकांपासून चालत आले आहे.

माझी रीत अशी. सडलेले गहू रात्रभर भिजवते. डाळी तासभर. कांदा तेलात वेगळा तळून घ्यावा लागतो, कारण स्लो कुकरमध्ये तो नुसता शिजतो, लाल होत नाही. त्याच तेलात मटण आणि आले-लसूण परतून सगळे भांड्यात जाते. पाणी देगेपेक्षा बरेच कमी, कारण वाफ बाहेर जात नाही. मंद आचेवर आठ-नऊ तास. दह्याच्या आंबटपणाची उणीव लिंबू भरून काढते. नारळाचे दूध घालायचे असेल तर अगदी शेवटी, नाहीतर ते फाटते.

पण फुप्पीअम्मांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. देगेभोवती रात्रभर पाच घरांतली माणसे पाळीपाळीने घोटत बसायची, कोणी मर्सिया म्हणायचे, पोरे तिथेच झोपायची. बटण दाबून झोपी गेले की ते सगळे जाते. तेलाच्या बघाराने माझ्या मुलीला खिचडा परत मिळाला, पण स्लो कुकर ती रात्र परत देत नाही.

म्हणून यंदा ठरवले आहे. शिजवायचे काम भांड्याने करावे, घोटायचे आपण. फजरनंतर शेजारणींना बोलावणार आहे, आणि लाकडी दांडा सगळ्यांत आधी फुप्पीअम्मांच्या हातात देणार आहे. घरोघरी वाटायला मात्र माझी मुलगी जाईल.