इडा : एका दगडाचं वजन

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या एका दगडाबद्दल आज बोलायचं आहे. २९ सप्टेंबर १८८४ रोजी योहान पालिसा यांनी व्हिएन्नाच्या वेधशाळेतून तो शोधला. दुर्बिणीला डोळा लावून शंभरावर लघुग्रह शोधणारा हा माणूस. या लघुग्रहाला क्रमांक मिळाला २४३ आणि नाव मिळालं इडा. पुढची शंभर वर्षं इडा म्हणजे आकाशातला एक फिकट ठिपका, एवढंच.

ठिपक्याच्या प्रकाशावरून मात्र बरंच कळतं. इडा लालसर आहे, त्यात ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही खनिजं आहेत. म्हणून तो ‘एस’ गटातला, म्हणजे खडकाळ लघुग्रह. आणि इथेच वाद होता. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींमध्ये सर्वांत जास्त असतात ते साधे कॉन्ड्राइट. ते या खडकाळ लघुग्रहांचेच तुकडे असावेत, असं वाटणं साहजिक आहे. पण रंग जुळेना! अशनींपेक्षा लघुग्रह जास्त लाल दिसत. काही शास्त्रज्ञ म्हणत, हे लघुग्रह एकेकाळी वितळलेले आहेत, त्यांत लोखंड भरपूर आहे. खरं काय? नुसत्या रंगावरून निवाडा होईना. घनता हवी होती, आणि त्यासाठी वजन.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान इडापासून सुमारे २,४०० किलोमीटरवरून गेलं. जवळपास ६० किलोमीटर लांबीचा, वेडावाकडा, विवरांनी भरलेला दगड दिसला. साधारण साडेचार तासांत स्वतःभोवती फिरणारा. पण यान इतक्या वेगानं गेलं, की इडाच्या ओढीनं त्याची वाट मोजण्याइतकी वळली नाही. म्हणजे वजन पुन्हा हुकलं.

यानाची मुख्य अँटेना उघडलीच नव्हती, त्यामुळे छायाचित्रं महिनोन्‌महिने हळूहळू येत राहिली. फेब्रुवारी १९९४ मध्ये ती तपासताना इडाजवळ दीड किलोमीटरचा एक ठिपका दिसला. तो इडाचा चंद्र निघाला! लघुग्रहाला चंद्र असल्याचा हा पहिला पक्का पुरावा. त्याचं नाव ठेवलं डॅक्टिल.

आता हिशेब सुरू झाला. चंद्र इडाला धरून राहायचा, तर इडाची ओढ किती हवी? त्यावरून घनता निघाली पाण्याच्या साधारण अडीचपट. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असतं. म्हणजे इडात लोखंडाचा वाटा मोठा असणं अवघड. उलट तो साध्या कॉन्ड्राइटपेक्षाही हलका ठरला. तेव्हा आत भेगा आणि पोकळ्या असणार.

आणि रंगाचं काय? इडावरच्या ताज्या विवरांजवळची जमीन कमी लाल दिसली, जुनी जास्त. सौरवारा आणि बारीक धूलिकणांचा मारा पृष्ठभाग लाल करत जातो, या कल्पनेला त्यानं बळ मिळालं. २०१० मध्ये जपानच्या हायाबुसा यानानं पृथ्वीजवळून फिरणाऱ्या इतोकावा या एस गटातल्याच लघुग्रहावरचे कण आणले. ते साध्या कॉन्ड्राइटशी जुळले.

इडाचा कण अजून कुणी हातात घेतलेला नाही. पण संग्रहालयातल्या काचेमागचा साधा, करडा अशनी बघाल, तेव्हा त्याचं मूळ घर शोधायला एका चिमुकल्या चंद्रानं मदत केली, हे आठवा.