वाटाण्याच्या अक्षता

मटार सोलायला बसलेल्या माणसाकडे हिशेब मागू नये. थंडीत मंडईत मटार उतरतो, घरोघर जुन्या वर्तमानपत्रावर शेंगांचा ढीग पडतो, आणि निम्मे दाणे पातेल्यात पडण्याआधीच सोलणाऱ्यांच्या पोटात जातात. आमच्या घरात तर हा नियम तीन पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे एका गृहस्थाने आठ वर्षं वाटाणा लावला, सोलला आणि दाणा न् दाणा मोजून मांडून ठेवला, हे प्रथम वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

हे गृहस्थ म्हणजे ग्रेगोर मेंडेल. तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी मठात राहणारे धर्मगुरू. शिक्षकाच्या परीक्षेला दोनदा बसले. दोन्ही वेळा यश आलं नाही. आपल्याकडे अशा माणसाला वडीलधारे सांगतात, "आता शेती बघ." मेंडेल ती आधीपासूनच बघत होते. मठाच्या आवारात ३५ मीटर लांब, ७ मीटर रुंद एवढीच बाग. त्यांनी बियाणेवाल्यांकडून वाटाण्याच्या ३४ जाती आणल्या, आणि बी अस्सल आहे की नाही हे पाहण्यातच दोन वर्षं घालवली. खरं काम सुरू झालं १८५६ साली.

वसंत लागला की पेरणी. रोपं वर सरकली की काठ्या, झाडांच्या फांद्या आणि ताणलेल्या दोऱ्या यांचा आधार. मग फुलं. वाटाण्याचं फूल भलतंच स्वयंपूर्ण. पाकळ्या मिटलेल्या असतानाच ते आतल्या आत स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं. मेंडेलना सोयरीक आपल्या मनाने जुळवायची होती. म्हणून कळी वेळेआधी उघडायची, चिमट्याने एकेक पुंकेसर काढायचा आणि दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. त्यात एखादा भुंगा फुलात शिरून सगळा बेत बिघडवील, ही वधूपित्याची काळजी वेगळीच. शेंगा वाळल्या की सोलणं आणि मोजणं. पुढच्या वसंतात पुन्हा पहिल्यापासून. १८६३ पर्यंत अशी सुमारे २८,००० रोपं झाली.

गोल दाण्याची सुरकुतलेल्या दाण्याशी गाठ घातली, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठे? तेच दाणे पेरले, तेव्हा पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. गुण नाहीसा होत नाही, एक पिढी दडून बसतो. आजोबांचं नाक नातवाला आलं की आपण "घराण्याचं नाक" म्हणून कौतुक करतो आणि चहा मागवतो. मेंडेलनी अशा दडून बसण्याचं गणित मांडलं.

१८६५ साली त्यांनी हे गणित ब्रनोच्या विद्वत्सभेपुढे वाचलं. १८६६ साली ते छापलं गेलं. म्युनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनाही पाठवलं. ही तर नुसती सुरुवात आहे, प्रयोग पुरे झालेले नाहीत, असं त्यांनी कळवलं. वाटाण्याच्या अक्षता लावण्याचा वाक्प्रचार आपला मराठी. पण त्याचा इतका शब्दशः उपयोग दुसरीकडे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही.

१८६८ साली मेंडेल मठाधिपती झाले. मग कारभार आला, सरकारशी कराचं भांडण आलं, बाग मागे पडली. १८८४ साली ते वारले.

पुढे १९०० साली द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक अशा तिघांनी आपापल्या प्रयोगांवरून तेच नियम मांडले, आणि तिघांनाही जुन्या कागदांत मेंडेल भेटले. त्यातले कोरेन्स हे नेगेलींचेच शिष्य. म्हणजे गुरूंच्या पिढीत दडून राहिलेलं शिष्याच्या पिढीत वर आलं.

बागेतला वाटाणा दोन-अडीच महिन्यांत शेंगेला येतो. या शेंगेत दाणा भरायला ३४ वर्षं लागली, आणि तो मोजायला मेंडेल नव्हते.