मूल हाकेला प्रतिसाद देत नाही? ऑटिझमची सुरुवातीची लक्षणे आणि शिरूर-दौंडमधील तपासणीची वाट

दौंड जंक्शनवर गाडी आली की दीड वर्षाचे मूल बोट दाखवते आणि लगेच आईकडे वळून पाहते. आपल्याला दिसलेली गंमत आईनेही पाहावी, एवढाच त्याचा हेतू असतो. अशी देवाणघेवाण दिसत नसेल, तर ते ऑटिझमचे म्हणजेच स्वमग्नतेचे सुरुवातीचे लक्षण असू शकते.

ऑटिझम म्हणजे काय?
मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होत असल्याने मुलाच्या संवादावर, इतरांशी मिसळण्यावर आणि वागण्यावर होणारा परिणाम म्हणजे ऑटिझम. तो आईवडिलांच्या संगोपनामुळे होत नाही आणि लसीमुळेही होत नाही. लसीशी संबंध जोडणारा १९९८ मधील शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

कोणत्या वयात काय पाहावे?
- ९ ते १२ महिने: नावाने हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही, टाटा करत नाही.
- दीड वर्ष: बोट दाखवत नाही, एकही शब्द बोलत नाही.
- २ वर्षे: 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, खेळण्याची फक्त चाके फिरवत बसते.
- कोणत्याही वयात: येत असलेले शब्द बोलणे बंद होणे.

एखाद्या लक्षणावरून ऑटिझम ठरत नाही. ऐकू कमी येत असेल तरीही मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, म्हणून कानाची तपासणी आधी करावी.

तपासणी कुठे?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करते. ऊसतोडीसाठी किंवा रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांची मुले यातून सुटू शकतात. अशा पालकांनी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना स्वतःहून सांगावे. शंका असल्यास सरकारी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

थांबू नये, कारण...
'याचे वडीलही उशिराच बोलायला लागले' म्हणत घरचे वाट पाहतात. पण पहिल्या तीन वर्षांत मेंदू सर्वाधिक वेगाने घडतो. निदान पक्के होण्याआधीही वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणे सुरू करता येते. घरी मोबाइल बाजूला ठेवून मुलाच्या समोर बसावे, त्याच्या आवडीचा खेळ खेळावा आणि प्रत्येक वस्तूचे नाव बोलावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यावर शिक्षण आणि सरकारी योजनांचा लाभ घेता येतो.